झोपेची गोळी आणि माझी गिरणी

झोप येत नाही म्हटलं की प्रत्येकाला तोंड फुटतं. ताप आला म्हटलं तर लोक दवाखान्यात जा म्हणतात आणि गप्प बसतात. झोपेचं तसं नाही. ज्याला पडल्या पडल्या झोप लागते तो सगळ्यात जास्त शिकवतो. कोणी म्हणालं तळपायाला तेल चोळा, कोणी म्हणालं जायफळ उगाळून दुधातून घ्या, कोणी म्हणालं मनात काही ठेवू नका. मी मनात काय ठेवणार? ठेवायला जागा असती तर बाजारातून काय आणायचं ते तरी ध्यानात राहिलं असतं. एक बाई म्हणाली, मालक गेल्यापासून तुमची झोप उडाली असेल. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. ते होते तेव्हा घोरायचे आणि तेव्हाच मी कमी झोपायचे. पण असं बोललं की लोकांना वाईट वाटतं, म्हणून मी हो म्हणाले.

मी परभणीजवळच्या झरी गावात पिठाची गिरणी चालवते. शाळा चौथीपर्यंत. लग्न होऊन आले तेव्हा गिरणी सासऱ्यांची होती, मग मालकांची झाली, आणि मालकांना शेताचा नाद जास्त म्हणून हळूहळू माझी झाली. कोणी दिली नाही, कोणी काढून घेतली नाही. मुलगा परभणीत एका शाळेत क्लार्क आहे, रोज मोटारसायकलवर जातो-येतो. सून घर बघते. गिरणी मी बघते.

गिरणीचं काम लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. ओतलं आणि दळलं असं नसतं, त्याला क्रम असतो. उपासाची भगर, राजगिरा सकाळी सगळ्यात आधी, दगड झाडून पुसून. मग ज्वारी, मग गहू. हरभऱ्याची डाळ शेवटी, कारण डाळीने दगड चिकट होतात. क्रम चुकला की एकीच्या पिठात दुसरीचं धान्य जातं. श्रावणात तर सोमवार जवळ आला की उपासाच्या डब्यांची रांग लागते.

मागच्या श्रावणात मी तिथेच चुकले. रात्री अंथरुणात डोळे टक्क उघडे, आणि सकाळी गिरणीच्या स्टुलावर बसलं की पापण्या जड. गिरणीचा आवाज दुसऱ्याला नको होतो. मला उलट त्या आवाजात झोप यायला लागली होती. त्या दिवशी मागच्या गल्लीतली एक बाई भगर घेऊन आली. मी तिची भगर वरच्या पत्र्याच्या टोपात ओतली, बसले आणि डोळा लागला. दचकून जागी झाले तेव्हा वाटलं तिचं दळण झालं. पुढचा डबा उचलला आणि ओतला. ज्वारी होती.

"काकू! आवो काकू, काय करायलात!"

"दळायलेय."

"माझी भगर हाय ना खाली अजून! तिच्यावर ज्वारी कामून टाकली?"

मी मोटार बंद केली. टोपात वर ज्वारी, खाली भगर, आणि नळीखालच्या तिच्या डब्यात काय पडलं ते कोणालाच सांगता आलं नसतं.

"माझा सोमवार मोडला असता की काकू."

"मोडला न्हाई ना? पोटात जायच्या आधी दिसलं. बस घटकाभर, माझ्या घरची भगर दळून देते."

दिली. दगड पुन्हा पुसून दिली. ती घेऊन गेली, रागावली नाही. पण गिरणीवर झालेली गोष्ट गिरणीवर राहत नाही. संध्याकाळी मुलगा परभणीहून आला तेव्हा त्याला घरी यायच्या आधीच कोणीतरी सांगितलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पोळ्याच्या सुमारास दळण संपून दगड रिकामे फिरत राहिले आणि मी स्टुलावर झोपलेली. दगड तापल्याचा वास सुनेला स्वयंपाकघरात गेला. ती पळत आली, बटण बंद केलं आणि माझा खांदा हलवून म्हणाली, "आत्या, पट्ट्यात पदर गेला असता तर?"

मी पदर आवरला. चूक माझी असली की मला राग येतो. मी तिलाच म्हणाले, तुझी भाजी लागेल खाली, जा.

रात्री जेवताना मुलाने विषय काढला. "माय, बास झालं आता. गिरणी काढून टाकू. पिंगळी गावचा एक जण मशीन मागायलाय. परवा येऊन बघून बी गेला."

"मला न विचारता?"

"तू झोपली होतीस."

सुनेने तोंडाला पदर लावला. मुलगाही हसला. मी हसले नाही, कारण खरं होतं.

गिरणी गेली तर मी काय करणार होते ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीत तशा बायका आहेत. सकाळी ओट्यावर येऊन बसतात आणि जाणाऱ्या प्रत्येकाला कुठं चालला विचारतात. तो कुठे चालला ते त्यांना दिसत असतं तरी विचारतात. सून चहा आणून देते तो पितात, कप तिथेच ठेवतात. मला तसं बसायचं नव्हतं.

मी मुलाला म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांब. मी डॉक्टरला दाखवते. दिवसाचं पेंगणं थांबलं तर गिरणी राहील. न्हाई थांबलं तर बोलाव तुझ्या पिंगळीवाल्याला, मी सोता चहा करीन त्याला."

"अन् तवर गिरणी?"

"सून चालू-बंद करील. मी बाजूला बसून सांगीन."

"कबूल," तो म्हणाला. त्याला खात्री होती की जमणार नाही. त्याच्या तोंडावर दिसत होतं.

परभणीला सून आली बरोबर. डॉक्टरीण वयाने माझी नात शोभेल अशी. तिने विचारायला सुरुवात केली ती थांबेचना.

"आजी, झोप लवकर लागत नाही की लागलेली मोडते?"

"दोन्ही."

"दुपारी झोपता?"

"पडते."

"पडता म्हणजे झोपता?"

"डोळे मिटून पडते."

"घोरतात बी," सून मागून म्हणाली. मी वळून बघितलं. ती भिंतीवरचं चित्र बघत होती.

चहा किती, लघवीला किती वेळा उठता, गुडघे दुखतात का, कशाची काळजी आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. मला वाटलं आता जन्मतारीख आणि गोत्रही विचारते. मध्येच सुनेने सांगून टाकलं की शेजारणीने तिच्या नवऱ्याची झोपेची गोळी मला एकदा दिली होती. दिली होती, खरं आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी भिंत धरून चालत होते. डॉक्टरीण रागावली. दुसऱ्याची गोळी पुन्हा तोंडात घालायची नाही, म्हणाली. त्या गुंगीत अंधारात उठलात आणि पडलात तर खुबा मोडेल.

मग तिने मला समजावलं. अंधार पडला की अंगात एक द्रव्य तयार होतं आणि ते अंगाला रात्र झाल्याचं सांगतं. वय वाढलं की ते कमी तयार होतं. गोळीत तेच असतं, मेलाटोनिन म्हणतात त्याला.

"रात झालेली मला दिसती की बाई," मी म्हणाले. "घरातला लाइट मीच लावते."

"डोळ्यांना दिसतं, आजी. अंगाला कळत नाही."

हे मला पटलं. पण मी तसं दाखवलं नाही.

"झोप लागंल ना मग?"

"थोडी लवकर लागेल, थोडी बरी लागेल. कोणाला फरक पडतो, कोणाला पडत नाही."

"आन् न पडला तर?"

"तर दुसरं बघू. पण तुमच्या वयात गुंगीच्या गोळीपेक्षा ही आधी द्यावी."

मी डॉक्टरांकडे फार गेलेली नाही, पण जे होते ते छातीवर हात मारून सांगायचे, बरं करतो. ही म्हणाली बघू. एवढ्या लांब एसटीने जाऊन बघू ऐकायचं! तरी मी गोळी घ्यायला कबूल झाले, कारण दिवाळी जवळ येत होती.

गोळी कशी घ्यायची ते तिने सुनेला सांगितलं. माझी सून समोरचा बोलायला लागला की मान हलवते. ऐकते की नाही ते नंतर कळतं. आणि मी त्या वेळी खुर्चीखाली पायाने चप्पल शोधत होते. आम्हा दोघींच्या मिळून एवढंच लक्षात राहिलं की गोळी रात्रीच्या जेवणानंतर आणि रोज एकाच वेळी घ्यायची, दुपारी झोपायचं नाही, संध्याकाळी चहा नाही. वेळेचं आमच्याकडे अवघड नव्हतं. आम्ही लिंगायत, संध्याकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय आमच्या घरी कोणी ताटावर बसत नाही, आणि पूजेची वेळ चुकत नाही.

गोळ्या गावातच मागवल्या. आमच्या मेडिकलवाल्याला हळू बोलता येत नाही. दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना त्याने आतल्या माणसाला हाक मारली, "गिरणीच्या काकूची झोपेची गोळी आली का बघ रे!" झालं. संध्याकाळपर्यंत गावात खबर, की म्हातारीला घरचे गुंगी देऊन ठेवतात. दुसऱ्या दिवशी गिरणीवर एक बाई सुनेच्या तोंडावर म्हणाली, "तुझं बरं हाय माय. सासू झोपली की घर तुझंच."

मी तिथेच बाजूला बसले होते. म्हटलं, "तिच्या घराची फिकीर करू नको. तुझे गहू किडलेत, ते बघ आधी."

गहू खरंच किडलेले होते. पण सुनेला ते बोलणं लागलं. रात्री भाकरी थापताना तिचा हात परातीवर नेहमीपेक्षा जोरात पडत होता. मी तिला सांगितलं की लोकांचं मनावर घेऊ नको. ती म्हणाली, मी कशाला मनावर घेऊ, आणि आणखी जोरात थापली.

आता गोळीचं. मला गोळी घशाखाली जात नाही. लहानपणापासून जात नाही. रक्तदाबाची, कॅल्शियमची, सगळ्या गोळ्या सून खलबत्त्यात कुटते, गुळात कालवते आणि चमच्याने देते. तिने हीही तशीच दिली. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गिरणीच्या घरात कोणी अख्खं काही खातं का?

पहिल्या दिवशी भांडी घासून व्हायच्या आत मी भिंतीला टेकून झोपले. सून खूश. मुलगा म्हणाला, लय भारी गोळी हाय. पण घरातले झोपायला गेले त्या सुमारास माझे डोळे उघडले ते उघडलेच. पुढच्या दिवशी तेच, त्याच्या पुढच्या दिवशी तेच. झोप यायची ती चुकीच्या वेळी यायची आणि झोपायच्या वेळी रुसून जायची. दिवसा मी आधीपेक्षा जास्त पेंगायला लागले. ज्वारीच्या पोत्याला टेकले तरी मान खाली.

मुलगा हे बघत होता. "बघ माय, दवाखाना बी झाला, गोळी बी झाली. तीन आठवड्यांची गोळी हाय, त्यातली निम्मी संपली. मी सांगू का पिंगळीला, मशीन घेऊन जा मनून?"

"दिवाळी न्हाई आली अजून."

"कॅलेंडर बघून झोप येती का?"

हे तो फोनमध्ये बघत बोलत होता. रोज अंथरुणात पडून तो फोन बघतो. त्या फोनचा उजेड मला माझ्या खोलीतून दिसतो. आणि तो मला झोपेचं सांगतो!

चिडून मी सुनेला म्हटलं, लाव त्या डॉक्टरणीला फोन. सुनेने लावला आणि माझ्या कानाला दिला.

"तुमची गोळी फालतू हाय," मी म्हणाले.

ती रागावली नाही. "कधी घेता?"

"जेवल्यावर. रोज एकाच टायमाला."

"बरोबर. कशी घेता?"

"गुळातून."

"गुळातून म्हणजे?"

"कुटून. सून कुटून देती."

पलीकडे ती कोणाला तरी जरा थांबा म्हणाली.

"आजी, ती अख्खी गिळायची सांगितली होती. चावायची नाही, तोडायची नाही, कुटायची तर अजिबात नाही. ती रात्रभर हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते. कुटल्यावर सगळं औषध एकदम सुटतं. मग जेवल्या जेवल्या झोप, आणि पुढे रात्रभर जागरण."

मी फोन सुनेच्या हातात दिला. तिनेही ते ऐकलं आणि मान हलवली.

फोन ठेवल्यावर आमचं जुंपलं. मी म्हणाले, तुला सांगितलं होतं तिने. ती म्हणाली, तुमीच मनता ना, घशात अडकती मनून. मी म्हणाले, कुटायच्या आधी कागद वाचायचा. ती म्हणाली, कागद इंग्रजीत हाय आत्या, अन् चष्मा तुमच्या नाकावर हाय. मुलगा मध्ये पडायला आला तर आम्ही दोघींनी त्याला बाहेर काढलं. शेवटी तिने खलबत्ता उचलला आणि फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवून दिला. तिथे माझा हात पोचत नाही. मग आठवडाभर लसूण कुटायचा तर मुलाला बोलवावं लागायचं.

अख्खी गोळी गिळायची म्हणजे मला संकट. डॉक्टरणीने फोनवरच सुनेला युक्ती सांगितली होती की दह्याच्या चमच्यात गोळी ठेवा, हनुवटी खाली करा, दह्याबरोबर जाऊ द्या. पहिल्या दिवशी दही गेलं आणि गोळी जिभेवर राहिली. पुन्हा दही. पुन्हा तेच. मुलगा पुढ्यात उभा.

"गिळ माय. गिळ, गिळ."

"तू तोंड मीट, मंग मी गिळते."

त्याला हसू आलं, मला ठसका लागला आणि गोळी भिंतीवर गेली. दुसरी घेतली. या वेळी गेली. कशी गेली मला कळलं नाही. मी घसा चाचपून बघितला.

सुनेने मग माझी दुपार ताब्यात घेतली. पडायला निघाले की परात समोर. लसूण सोला. डाळ निवडा. शेंगा फोडा. आमच्या घरात एवढा सोललेला लसूण कधीच नव्हता, निम्मा शेजारी वाटला. संध्याकाळचा चहा बंद केला. चहा नसल्याने माझं डोकं दुखायचं आणि डोकं दुखलं की मी सगळ्यांवर ओरडायचे. तेव्हा मुलगा म्हणायचा, माय जागी हाय बरं का, ऐकू यायलंय.

फरक पडला का, तर पडला. लोकांना वाटतं तसा नाही. रात्रभर गाढ झोपले असं एकदाही झालं नाही. लघवीला उठायचं ते उठतेच. पण परत येऊन पडले की पूर्वी छत बघत राहायचे, आता कधीतरी पुन्हा डोळा लागायचा. आणि मुख्य म्हणजे सकाळी गिरणीच्या आवाजात मान पडायची थांबली. हे मी कोणाला बोलले नाही. बोललं की दृष्ट लागते असं नाही, बोललं की मुलगा उलटतपासणी घेतो.

दिवाळीच्या आधी पुन्हा परभणीला गेलो. या वेळी मुलगा सुट्टी टाकून आला. त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, म्हणाला.

"आजी, कशी आहे झोप?" डॉक्टरणीने विचारलं.

एकदम झकास म्हणावं असं माझ्या मनात आलं. तेवढं म्हटलं असतं तर गिरणी वाचली असती. पण खोटं बोलून स्टुलावर बसायचं आणि पुन्हा डोळा लागला तर पट्टा तिथेच आहे. मी म्हणाले, "अर्धी."

मुलगा लगेच पुढे सरकला. "बघा मॅडम, मी मनलोच होतो."

"दिवसा पेंगतात का?" तिने त्याला विचारलं.

"आता मी दिवसा कुठं घरी असतो?"

"मग तुम्हाला काय माहीत?" असं म्हणून तिने सुनेकडे बघितलं.

सून म्हणाली, "न्हाई पेंगत. उलटा माझाच डोळा लागतो दुपारी, तर ह्या उठवतात मला. लसूण संपला मनून."

डॉक्टरीण हसली. मग मुलाला म्हणाली की या वयात तरण्या माणसासारखी झोप मागायची नसते. दिवसा माणूस जागं राहतं का, काम करतं का, तेवढं बघायचं. गोळी आणखी काही आठवडे चालू ठेवायची, मग थांबवून बघायचं. जन्मभर घ्यायची नाही.

बाहेर आल्यावर मुलाने खिशातून फोन काढला आणि आमच्या देखत पिंगळीला लावला. "दादा, मशीन न्हाई द्यायची सध्या," म्हणाला.

"सध्या मंजे?" मी विचारलं.

"सध्या मंजे सध्या, माय. पेंगलीस की देणार."

एसटी स्टँडपर्यंत त्याने अटी सांगितल्या. पदर खोचून बसायचं. बटण हाताजवळ आणायचं, तो बसवून देईल. स्टूल काढून टाकायचं. मी म्हटलं, स्टूल राहील, माझे गुडघे तुझे नाहीत. स्टूल राहिलं. दुपारनंतरची गिरणी मात्र सुनेकडे गेली. तिला ती आवडायला लागली होती, हे मला उशिरा कळलं. मला अर्धीच मिळाली. मी भांडले असते, पण एसटी सुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं, दगड झाडले आणि मोटार चालू केली. मुलगा शाळेत जायला तयार होऊन दारात उभा. हातात मोटारसायकलची किल्ली. जाईना. माझ्याकडे बघतोय, माझे डोळे उघडे आहेत का ते बघतोय.

"निघ की," मी ओरडले. "उशीर होईल."

"जातो."

गेला नाही. ज्वारीचं पोतं समोर पडलेलं होतं, तोंड सुटलेलं.

"उभाच राहायचं असंल तर ते पोतं धर. मी भरते."

इस्त्रीच्या कपड्यांवर त्याने पोतं धरलं. मी डबा भरून टोपात ओतला. त्याच्या शर्टाला पीठ लागलं ते मी त्याला सांगितलं नाही.